ठरल्यापेक्षा लहान ठिपका

ठिपका ठेवताना सकपाळकाका श्वास रोखून धरत. बारीक काचनळीत औषधाचं द्रावण, समोर पांढऱ्या थराची प्लेट. नळीचं टोक थराला टेकून ठिपका उमटेपर्यंत प्रयोगशाळेत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात मी नव्याने कामाला लागले, तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी मला ठिपके ठेवण्याखेरीज दुसरं काही करू दिलं नाही.

काका पोलादपूरकडचे, कशेडी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतले. बी.एस्सी. झाले, पण बोलणं वाडीचंच राहिलं. प्लेटचा खालचा काठ द्रावकात बुडवून ठेवला की औषधातले घटक वेगवेगळ्या उंचीवर चढून थांबत. मग प्लेट स्कॅनरमध्ये जाई. यंत्र प्रत्येक ठिपक्यावर प्रकाश टाकून किती परत येतो ते मोजी. घटक जास्त, तर प्रकाश कमी परते आणि कागदावर छापून येणाऱ्या आलेखातला उंचवटा मोठा येई. "यंत्र खोटं बोलत नाय गो," काका म्हणत, "पण त्याला काय दाखवायचं, ते आपल्या हातात हाय."

माझ्या दुसऱ्या वर्षी तापाच्या गोळ्यांची एक बॅच तपासायला आली. त्यात नको असलेल्या घटकाचा उंचवटा मर्यादेबाहेर गेला. काकांनी तीनदा प्लेट केली, तीनदा तेच. त्यांनी 'नापास' लिहिलं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. काही वेळाने काका बाहेर आले आणि डबा घेऊन जेवायला गेले.

मग मला बोलावणं आलं. साहेब फार गोड बोलले. नमुन्याचा ठिपका ठरल्यापेक्षा जरा लहान ठेव, एवढंच म्हणाले. ठिपका लहान, तर उंचवटाही लहान. मी अजून कायम झाले नव्हते, आणि बिरवाडीच्या खोलीवर आईला नुकतीच आणली होती. मी ठिपका ठेवला. बॅच पास झाली. खाली सही माझी.

काका जेवून आले. त्यांनी ती प्लेट दिव्याखाली धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हात चांगला बसलाय तुझा," म्हणाले, आणि प्लेट हळूच माझ्या टेबलावर ठेवली.

पुढच्या आठवड्यात त्यांना गोदामात टाकलं, पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवायला. गेटवर भेटले की आईच्या गुडघ्यांची चौकशी करत. प्लेटचा विषय त्यांनी कधीच काढला नाही, आणि तेच मला सोसत नसे.

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना पक्षाघात झाला. मी वाडीवर भेटायला गेले. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. काकी चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा मी त्या ठिपक्याचं कसंबसं सांगायला सुरुवात केली. त्यांनी डावा हात उचलून मला थांबवलं.

"मला कशाला सांगतेस?" शब्द जड येत होते. "मला तवाच कळलेलं. ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांना सांग."

राग नव्हता त्या बोलण्यात. काकी चहा घेऊन आल्या. मी तो प्यायले, आणि काकांना झोप लागेपर्यंत शेजारी बसून राहिले.

महिन्याभराने काका गेले. अंत्यविधीहून परतल्यावर मी कारखान्यातल्या त्या बॅचच्या जावक नोंदी काढून बसले. माल कुठल्या गावांना गेला, इथवर कळलं. पुढे त्या गोळ्या कुणाच्या घरात गेल्या, हे कुठल्याच कागदावर नाही.