पोहायला पुण्याला

लातूरच्या बसस्थानकावर सकाळची पुण्याची गाडी लागली आणि अप्पांनी माझी बॅग कुणाला हात लावू न देता स्वतः वर चढवली. अव्वा, म्हणजे माझी आई, खिडकीतून धपाट्यांची पिशवी आत ढकलत होती. पुढच्या सीटवरच्या एका काकांनी सहज विचारलं, "कोणत्या क्लासला चालली पोरगी?"

आजूबाजूच्या जिल्ह्यांतली पोरं क्लाससाठी लातूरला येतात. लातूरचीच पोरगी बाहेर चाललेली बघून त्यांना नवल वाटलं असणार.

"क्लासला न्हाई," अप्पा म्हणाले. "पोहायला."

"पोहायला? पुण्याला?" काका मोकळेपणानं हसले. "आन् हितं प्यायला पाणी न्हाई!"

अख्खी गाडी हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली उतरले. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भुसाराचं दुकान चालवणाऱ्या माणसानं मुलीला पोहण्यासाठी परगावी धाडावं, यावर आमच्या भावकीत आधीच बरीच चर्चा झाली होती. ते सगळं बोलणं त्यांनी एकट्यानं ऐकून घेतलं होतं.

खिडकीखाली मला पोहायला शिकवणारे रहीम सर उभे होते. गाडी सुरू झाली तेव्हा ते दोन पावलं बरोबर चालले आणि म्हणाले, "टायमिंग चांगलं आलं तर मी पेपरात वाचीन, बेटा. खराब आलं तर तू फोन कर."

तलावावरच्या माझ्या जुन्या सोबत्यांनो, रहीम सर कसे आहेत ते तुम्हाला सांगायला नको. पण आपल्यातली बरीच जणं आता हैदराबादला, मुंबईला, कुणी परदेशात आहेत. आपल्या पोरांना सरांबद्दल सांगायचं झालं तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते. सर मूळचे नांदेडचे. गोदावरीत पोहायला शिकलेले, लग्नानंतर लातुरात स्थायिक झालेले. नगरपालिकेच्या त्या जुन्या तलावावर ते आपल्याला शिकवायचे. निळ्या फरशा निघालेल्या, एका कोपऱ्यात शेवाळ. कोच म्हटलं की गावाला फिजिक्सचे सर आठवायचे, त्यामुळे सर स्वतःची ओळख "पाण्याचा मास्तर" अशीच करून द्यायचे. कुणी घाबरलं तर ओरडायचे नाहीत. काठावर मांडी घालून बसायचे आणि त्याच्याशी भलत्याच विषयावर बोलत राहायचे.

पुण्यातला तलाव मोठा होता. पाणी इतकं स्वच्छ की तळाची काळी रेघ शेवटपर्यंत दिसायची. आमच्या कोच मेघना मॅडम कडक, पण न्यायी. तिथं सेट, लॅप, टेपर, हार्ट रेट असे शब्द मी शिकले आणि माझे शब्द हळूहळू तोंडातच ठेवायला लागले. पहिल्याच आठवड्यात मी खोलीतल्या मुलीला "काय करलालीस?" असं विचारलं. तिला वाटलं मी कानडी बोलते. त्यात वाईट हेतू नव्हता, पण त्यानंतर महिनाभर सगळ्या मला 'करलालीस' अशीच हाक मारायच्या. मी कमी बोलायला लागले. मग पुण्यासारखं बोलायला लागले. घरी फोन केला की अव्वा म्हणायची, "टीव्हीवरच्या बाईवानी बोललालीस की गं!"

पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी माझं टायमिंग जागेवरच थांबलं. माझ्यापेक्षा लहान मुली पुढे निघून गेल्या. मी सराव वाढवला, जेवण मोजून खाल्लं, तरी घड्याळ हलेना. मग झोप गेली. पहाटे तलावाकडे चालताना हात गार पडायचे. स्टार्टिंग ब्लॉकवर उभी राहिले की श्वास छातीत अर्ध्यावर अडकायचा. पाण्यात पडल्यावर मोकळं वाटायचं, म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही. खांदा दुखला तर सांगता येतं, पट्टी लावता येते. याला काय म्हणायचं तेच मला माहीत नव्हतं.

एका सकाळी सेटच्या मध्येच तो श्वास पाण्यातही अडकला. मी लेनची दोरी धरली आणि मला ती सोडताच येईना. बाकीच्या मुली वळून जात होत्या, येत होत्या. मॅडमनी एकदा शिट्टी वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली नाही. त्या बुटांसकट पाण्यात उतरल्या.

"काय होतंय?"

पुण्याची भाषा त्या क्षणी कुठे गेली कुणास ठाऊक. मी म्हणाले, "मॅडम, मला पाण्याचं भ्या वाटलालंय."

कुणी हसलं नाही. मॅडमनी माझी बोटं एकेक करून दोरीवरून सोडवली.

त्या दिवशी मी रहीम सरांना फोन केला. नीट काही सांगता आलं नाही, नुसतीच रडले. दुसऱ्या दिवशी सर लातूरहून बस पकडून पुण्यात हजर. प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांवर आम्ही तिघं बसलो. मला वाटत होतं, आता माझी बॅग भरायला सांगतील. मॅडम म्हणाल्या, "खांद्याला लागलं तर आपण डॉक्टरकडे जातो. हेही तसंच आहे. इथे एक काउन्सेलर आहेत, मी स्वतः तिला घेऊन जाते. पण आधी तिला थोडी विश्रांती हवी."

 मग सरांनी जे सांगितलं, ते लातुरात इतकी वर्षं आपल्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

"मी बी पोहायचो. नांदेडात माझ्यावानी पोहणारा न्हवता. पोहण्यावर रेल्वेत नोकरी लागायची चांगली उमेद होती. आन् एक दिवस मी नदीवर जायचंच सोडलं. पाय उचलंना. घरच्यांना वाटलं नजर लागली. अम्मीनं दर्ग्याला नेलं, शेजारच्या काकूंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. सगळ्यांनी लई केलं माझ्यासाठी. पण तुला काय होऊन राहिलं, असं कुणी विचारलं न्हाई. कैक वर्षं पाण्यात पाय न्हाई घातला मी." त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "म्हणून मी तुला विचारून राहिलो, बेटा. सांग. घाई न्हाई."

मी सांगितलं. टायमिंगचं, झोपेचं, भाषेचं, आणि सगळ्यात शेवटी अप्पांचं. बसमधल्या माणसांसमोर त्यांनी मान ताठ ठेवली होती. आता मी परत गेले तर ती खाली जाईल, याची मला सगळ्यात जास्त भीती होती.

सरांनी तिथूनच अप्पांना फोन लावला, थोडक्यात सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मोंढ्याचा गलका ऐकू येत होता. अप्पांनी मला घरच्या नावानं हाक मारली.

"शिवा, मोंढा बी आमावस्येला बंद ऱ्हातो. तुझ्या डोक्याला कुणी सुट्टी दिली का न्हाई?"

मी घरी आले. त्या वर्षी लातूरच्या तलावात पाणी नव्हतं, तळाला पोरं क्रिकेट खेळत होती. म्हणून सर मला नांदेडला घेऊन गेले, त्यांच्या बहिणीकडे. शमीम आपांनी मला घरच्या लेकीसारखं ठेवलं, खिचडी-खट्टा वाढून समोर बसून खायला लावलं. सकाळी सर आणि मी गोदावरीच्या घाटावर जायचो. पहिले काही दिवस मी नुसती पायरीवर बसले. सरांनी पाण्यात ये असं एकदाही म्हटलं नाही. ते पोहायचे, बाहेर यायचे, भुईमुगाच्या शेंगा सोलत घरच्या गोष्टी सांगायचे. मग एका सकाळी नदी इतकी शांत होती की मला राहवलं नाही. मी उतरले. सर शेजारी होते. मी पलीकडून वळून आले आणि सवयीनं विचारलं, "किती लागलं, सर?"

"मोजलं न्हाई," ते म्हणाले.

पुण्याला परतल्यावर मी काउन्सेलरकडे जात राहिले आणि आणखी काही वर्षं पोहले. मोठी खेळाडू झाले नाही. विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत पोचले, तिथे थांबले आणि ते थांबणं मला सोसलं. मग कोचिंगचा कोर्स केला. आज मी पुण्यातच मुलांना शिकवते, आणि मेघना मॅडम माझ्या सहकारी आहेत. रविवारी आम्ही दोघी रहीम सरांना फोन करतो. अमक्याचा श्वास कसा सुधारायचा, तमकीला नोकरीचं काय सांगायचं, कोण अचानक गप्प झालंय, हेच बोलणं चालतं. परवा किनवटच्या आश्रमशाळेतून आलेली एक मुलगी सरावानंतर मागे रेंगाळली आणि म्हणाली, "मॅडम, झोप येऊन न्हाई राहिली." मी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि तिच्याजवळ मांडी घालून बसले.

गेल्या दिवाळीत लातूरला गेले होते. तलाव दुरुस्त झालाय, पाणी भरलंय. अप्पा म्हणाले, "मला बी शिकव." साठी उलटलेले अप्पा कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि कठडा सोडायला तयार होईनात. कपाळावरचं भस्म पाण्यानं ओघळलेलं. अव्वा काठावरून पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी मी त्यांना पाठीवर झोपवलं, खाली दोन्ही हात धरले. थोड्या वेळानं त्यांचं अंग सैल पडलं.

वर बघत त्यांनी विचारलं, "तिकडं करमतं का गं तुला?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "कवा करमतं अप्पा, कवा न्हाई."

"मी निलंग्याहून लातुरात दुकानावर आलो, तवा मला बी लई दिवस करमलं न्हवतं," ते म्हणाले. "कुणाला बोललो न्हाई."

"मग आता बोला की."

आणि अप्पा बोलायला लागले. निलंग्याचं घर, मागची चिंच, त्यांच्या आईची कानडी. पाण्यावर तरंगत, डोळे मिटून. माझे हात भरून आले तरी मी ते हलवले नाहीत. आता मला कुणी घर कुठं विचारलं की मी लातूर सांगते. पण मनात असतात ती माणसं, ज्यांच्याजवळ "करमत न्हाई" असं म्हणता येतं, आणि ज्यांना तसं म्हणता यावं म्हणून आपण थांबून राहतो.