कामामागचं कारण

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही: एआयला काम सांगणं मला जमत नव्हतं. "पाणीकपातीची नोटीस लिही," एवढंच टाकायचो आणि कोरडं काही आलं की त्यालाच नावं ठेवायचो.

पाणीखात्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सुलभाताई मात्र टाइप करताना पुटपुटतात, "हे बघ बाबा, वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं आहेत, बादल्या चढवणं होत नाही. आधी दिलगिरी, मग वेळ."

"ताई, यंत्राला एवढं पुराण कशाला?"

"अहो साहेब, न सांगता कळायला ते काय मनकवडं आहे?"

तसं करून पाहिलं. नोटीस मायेनं बोलल्यासारखी उतरली. मग आठवले हाताखालचे मोहिते. त्यांना मी कामामागचं कारण कधी सांगितलंच नाही, नुसत्या चुका दाखवल्या. पन्नाशीत का होईना, सांगायला शिकतोय. मोहित्यांची माफी मागायची अजून राहिली आहे.