वर्ल्डसर आणि सॅन्डीची कॅसेट

वर्ल्डसर मनगटावरचं घड्याळ लंडनच्या वेळेवर लावून ठेवत. राहायचे लिंबायतमध्ये, एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत. स्वतः मुंबईपलीकडे कधी गेले नव्हते. पण प्रॅक्टिसला अंधार पडल्यावर यायचे, आणि आम्ही वैतागून बसलेलो दिसलो की मनगट पुढे करायचे. "माझ्याकडे अजून दुपारच आहे." भर उन्हाळ्यात काळं जाकीट घालायचे. घामाने गळा ओला झालेला असायचा, पण जाकीट उतरत नसे.

मी त्यांच्या ऑर्केस्ट्रात कोरसला होते. दिवसा घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या आणि संध्याकाळी मुख्य गायिकेच्या मागे उभं राहून 'आ आ' करायचं. सर आम्हा कोरसच्या मुलींना नावाने हाक मारत नसत. डावी, मधली आणि उजवी. मी मधली. एकदा उजवी आजारी पडली तेव्हा डावीला त्यांनी विचारलं, "आज उजवी कोण होणार?" या माणसाच्या तोंडी 'वर्ल्डचा विचार करा' हे वाक्य दिवसातून किती वेळा यायचं, त्याला गणती नाही.

त्यांचा कान मात्र चांगला होता. हेच मला त्यांचं सगळ्यात जास्त खुपतं. नवागाममध्ये एका हळदीत माझी मैत्रीण सुनंदा गात होती. सर रस्त्याने स्कूटरवरून चालले होते, ते मध्येच थांबले, स्कूटर तशीच चालू ठेवून मांडवात शिरले आणि पूर्ण गाणं डोळे मिटून ऐकलं. त्या मांडवात पन्नास बायका होत्या. सुनंदाचा आवाज वेगळा आहे हे त्यांच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

सुनंदा तेव्हा अठराची. वडील, किसनकाका, लूमवर कामाला. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. घरात त्यांच्याशी सगळे ओरडूनच बोलत. मुलगी गाते म्हणजे नेमकं काय करते, ते त्यांना तिचे ओठ आणि लोकांचे चेहरे पाहून कळायचं.

सरांनी तिची कॅसेट काढली. 'हॅलो सुनंदा'. रिंग रोडमागच्या एका तळघरात, भिंतींना गोणपाट लावलेलं, रेकॉर्डिंगला पंखा बंद. पॉप गाणी होती, हिंदीत. पण एक गाणं अहिराणीत होतं, तिच्या आजीच्या ओव्यांच्या चालीवर. ते झालं तेव्हा काचेपलीकडे सर रडत होते. खरं सांगते, त्या दिवशी मला वाटलं, माणूस तसा वाईट नाही.

कॅसेटवर सुनंदाचा फोटो होता, मोठ्या अक्षरांत नाव होतं. किसनकाकांनी ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली. कुणी आलं की काढून दाखवायचे, वाजवून मात्र कधीच बघायचे नाहीत. लूमवरही घेऊन गेले होते. "मनी पोर," माझी मुलगी, एवढंच अहिराणीत म्हणायचे.

मग सरांचं परदेश सुरू झालं. ऑर्केस्ट्राच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे नातेवाईक बाहेर कॅसेटचा धंदा करत. पहिल्यांदा नैरोबीहून तिथे काढलेली कॅसेट आली. सर कॅसेट रुमालात गुंडाळून घेऊन आले आणि टेपमध्ये घातली. आम्ही ऐकतच राहिलो. तिकडे लोकांना नाचायला हवं म्हणून स्पीड वाढवला होता. सुनंदा सहा वर्षांच्या पोरीसारखी किलबिलत होती.

"हाऊ मना आवाज नही शे," ती म्हणाली.

"तुझाच आहे. आफ्रिकेत असाच चालतो," सर म्हणाले. आम्ही हसलो. तीही हसली.

दुबईची कॅसेट आली. तिच्यात ते अहिराणी गाणंच नव्हतं. "तिथे कोणाला कळणार?" सर म्हणाले. ज्या गाण्यावर रडले होते, ते कापताना त्यांनी चहासुद्धा खाली ठेवला नसेल.

लंडनची कॅसेट द्यायला ते पेढे घेऊन थेट सुनंदाच्या घरी आले. मी तिथेच होते. किसनकाकांनी हात पुसून कॅसेट घेतली. कव्हरवर एक गोरी, केस उडवणारी मुलगी होती. नाव होतं 'हॅलो सॅन्डी'. काकांनी उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. आतला कागद बाहेर काढून दिव्याखाली धरला. त्यांना वाटलं, सरांनी चुकून दुसऱ्या कुणाची आणली.

"मनी पोरनं नाव कोठे शे?"

सर त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "वर्ल्ड, काका, वर्ल्ड! सुनंदा हे नाव तिकडे चालत नाही!"

काकांनी पुन्हा विचारलं, "फोटो?"

सर सुनंदाकडे वळले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "नाव-फोटोत काय आहे? आवाज तर तुझाच आहे ना. ऐकणाऱ्याला आवाज पुरतो."

बहिऱ्या माणसाच्या समोर उभं राहून ते हे बोलले. त्यात दुष्टपणा नव्हता. समोर कोण बसलंय, हे त्यांना दिसलंच नव्हतं.

सुनंदाने वडिलांच्या हातातून कॅसेट घेतली आणि पेढ्यांच्या पुड्यावर ठेवून पुडा सरांना परत दिला. "सर, पुढच्या कॅसेटला मी नाही. माझं नाव घालाल तिथे बोलवा."

"वेडी आहेस. लंडनला दुसरी मागतायत!"

"मग सॅन्डीला सांगा."

त्यांनी तेच केलं. उजवीला हुबेहूब सुनंदासारखं गायला शिकवलं आणि दुसरी सॅन्डी काढली. तीही विकली गेली म्हणे. आम्हा दोघींना त्यांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही.

सुनंदा मंडळांत गायला लागली. पुढच्या गणपतीत नवागामच्या मंडळाने कापडी फलकावर तिचं नाव रंगवलं. किसनकाका स्टेजखाली बसले होते. गाणं सुरू झालं तसे उठले, मोठ्या स्पीकरच्या खोक्याजवळ गेले आणि त्याच्यावर दोन्ही तळवे ठेवून उभे राहिले. तिने अहिराणी गाणं घेतलं. काकांची बोटं लाकडावर हलायला लागली, बरोबर ठेक्यात. तेवढ्यात बायकांच्या रांगेपुढे काळं जाकीट दिसलं. सर डोळे मिटून मान हलवत होते, आणि त्यांच्या गालावर पाणी होतं.

गाणं संपल्यावर त्यांनी मला ओळखलं. "मधली ना तू? बघ, काय आवाज आहे! पोरीने माझं ऐकलं असतं तर हिला मी वर्ल्डमध्ये..."

पुढचं गाणं सुरू होत होतं. मागे बायका माना वाकड्या करून स्टेजकडे बघत होत्या.

"सर," मी म्हटलं, "बाजूला व्हा. मागच्यांना दिसत नाही."