हौद्यातला माल कुणाचा?

ट्रकच्या हौद्यात माणसं कोंबू नयेत हा कायदा मला आजही योग्य वाटतो. किळस येते ती तो राबवणाऱ्यांची. नव्वदीच्या अखेरीस पेठ रस्त्यावरच्या नाक्यावर त्या कायद्याचा अर्थ एवढाच उरला होता की मालासोबत त्याचा मालक बसला तर चालेल. नुसतं माणूस असेल तर खाली उतरा.

माझी आत्या त्याच रस्त्याने मेथी घेऊन नाशिकच्या बाजारात जाई. कॉलेजच्या सुट्टीत मीही असे. वाटेत पेठकडच्या मजूर बाया ट्रकमध्ये चढत. सकाळची एसटी आली तर आली, आणि नाशकातून निफाडच्या द्राक्षबागांना नेणारा मुकादम सातनंतर कुणासाठी थांबत नसे. नाका जवळ आला की आत्या प्रत्येकीच्या हातात एकेक जुडी देई.

"धरा गं. विचारलं तर म्हणायचं, माल माझा हाय."

झाल्या सगळ्या व्यापारी! हवालदार जुड्या बघून गंभीरपणे मान हलवी. असल्या मठ्ठपणाला सरकार पगार देत होतं.

एक दिवस माझ्याच वयाची एक बाई शेजारी बसली होती. आदल्या दिवशी तिला उशीर झाला होता. आज चुकली तर हंगामभर तिच्या जागी दुसरी, असं मुकादमाने बजावलं होतं. त्या दिवशी नाक्यावर नवा साहेब होता. तो ट्रकच्या मागच्या फळीवर चढला.

"हा माल कुणाचा?"

"माझा," ती जुडी पुढे करून म्हणाली.

वडिलांनी छापलेली चळवळीची पत्रकं वाचत मी वाढलेली. मला ते सहन झालं नाही. "साहेब, माल आत्याचा आहे. या मजूर आहेत. आधी एसटी सोडा, मग कायदा शिकवा!"

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. साहेब मात्र खूश. "शाब्बास! मालकीण बसू दे. बाकीच्या सगळ्या खाली."

मीही उतरले. मेथी सुखरूप पुढे गेली, आम्ही पायी. नाशकात मुकादमाच्या थांब्यावर पोचलो तेव्हा त्याची गाडी निघून गेली होती. चहावाला म्हणाला, "तुमच्या जागी दुसऱ्या भरल्या त्यानं."

"पण मी खरं तेच बोलले ना?" मी म्हणाले.

"मंग ते जाऊन मुकादमाला सांग," शेजारी बसलेली ती बाई म्हणाली. "लय शिकलीस ना!"

बाया घरी परतायला निघाल्या. पेठकडे जाणारा एक रिकामा ट्रक त्यांनी हात करून थांबवला. चौकातल्या पोलिसाने शिट्टी मारली, ती ट्रकने रस्ता अडवला म्हणून. हौद्यात कोण चढतंय, हे त्याने बघितलंही नाही.

तिची डब्याची पिशवी वर द्यायला मी हात पुढे केला. तिने पिशवीचे बंद दातांत धरले आणि दोन्ही हातांनी फळी पकडून ती एकटीच वर चढली.