रडारड फार

धुळ्याच्या एका दैनिकात मी बातम्या लिहायचो आणि दर आठवड्याला नव्या सिनेमांवर दोन-दोन ओळींचा अभिप्रायही द्यायचो. ‘मारामारी जोरात, कथा गायब.’ ‘गाणी बरी, बाकी कंटाळा.’ एका कौटुंबिक सिनेमाबद्दल मी लिहिलं होतं, ‘रडारड फार. टाळला तरी चालेल.’

पुढे तोच सिनेमा दोंडाईचाला लागला. मी तेव्हा मोठ्या बहिणीकडे गेलो होतो. मेहुणे जाऊन वर्ष होत आलं होतं. अक्का शेजारणीबरोबर सिनेमा पाहून आली, हे ऐकून मला नवल वाटलं.

“अक्का, मी लिहिलेलं वाचलं नाहीस का?”

“वाचं ना,” ती म्हणाली. “रडारड शे म्हनीसन तर गऊ. घरमा सासरा शेतस, पोरे शेतस. तठे कसं रडू?”

रडारड आहे म्हणूनच ती गेली होती. मेहुणे गेले तेव्हा सगळे तिला धीर धर म्हणत होते. मीही म्हणालो होतो, आणि तिने तो खरोखर धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला ती मला सोबत घेऊन पुन्हा गेली. अंधार होताच तिने पदर तोंडाशी धरला आणि मन मोकळं होईपर्यंत रडली. मी पडद्याकडे पाहत राहिलो.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. परतताना ती मेहुण्यांबद्दल बोलू लागली. सिनेमा सुरू झाला की ते तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी जायचे, हे मला त्या दिवशी कळलं.