डोममधली काळी बाहुली

२०२२ साल, मी अडुसष्ट वर्षांचा, आणि कॉलेजचे प्राचार्य मला फोनवर विचारत होते, "बन्सीशेठ, तुमचा डोम हलतो का हो?"

माझी शाळा चौथीपर्यंत. पण लोखंडाच्या बाबतीत मला कुणी काही विचारलेलं मी खपवून घेत नाही. नगरच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. पाण्याचे टँकर, उसाच्या ट्रॉल्या, कारखान्यांचे शेड, सगळं केलं. टँकर-ट्रॉली सोडली तर माझी कुठलीच वस्तू आजवर हलली नाही.

"हलत न्हाई," म्हणालो आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं, भानगड काय ते विचारायचंच राहिलं. पण परत फोन करणं माझ्या स्वभावात नाही. त्यांनीच केला.

आता डोम म्हणजे काय ते सांगतो. भंडारदऱ्याच्या अलीकडे डोंगरावर या कॉलेजनं दुर्बीण बसवली. दुर्बिणीवर पत्र्याची गोल टोपी लागते, तो डोम. टोपीला डोक्यापासून खालपर्यंत एक फट असते. फटीचं शटर उघडायचं, टोपी रोलरवर फिरवायची आणि पाहिजे तो तारा फटीत आणायचा. पुण्याची एक कंपनी हे काम करणार होती. मी म्हणालो, टँकर उलटा ठेवला की डोमच झाला, त्यात काय? आणि काम घेतलं.

दुर्बिणीवर शर्वरी मॅडम होत्या. तिशीतल्या, डॉक्टर, पण इंजेक्शनच्या नाही. त्यांचा अभ्यास श्वेतबटू ताऱ्यांचा. मी विचारलं, हे काय असतं? त्या म्हणाल्या, "काका, तारा म्हणजे भट्टी. जळण संपलं की भट्टी विझते. मागे राहतो तापलेला गोळा. तो नवीन काही जाळत नाही, नुसता निवत बसतो. अब्जावधी वर्षं."

हे मला लगेच पटलं. आमच्याकडे गॅस बंद केला तरी कापलेला तुकडा लालबुंद राहतो, नवा माणूस हात लावतो आणि बोंबलतो.

"वजन सूर्याच्या जवळपास, आकार पृथ्वीएवढा," मॅडम म्हणाल्या. "त्याचा चमचाभर माल म्हणजे उसानं भरलेली ट्रॉली."

"चमचा टिकंल का पन?"

"काका, चमचा घ्यायचाच नाहीये. समजायला सांगतेय."

"तसं म्हना. न्हाईतर चमचाबी माझ्याकडंच करायला द्याल."

आमचा पहिला तंटा रंगावरून. त्यांना डोम आतून काळा पाहिजे होता, बिनचमकीचा. म्हणे उजेड परतायला नको. नव्या वास्तूला आतून काळं फासायचं? मी दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. शेवटी याकोबनं रंगवला. याकोब माझा फिटर. आम्ही दोघं एकाच वयाचे, एकाच शॉपमध्ये म्हातारे झालो. तो दर रविवारी चर्चला जातो, मी शनिवारी मारुतीला. त्यामुळे शॉपला देवाची सुट्टी नसते.

आता आमच्या धंद्याची एक रीत आहे. नवा टँकर असो की ट्रॉली, काळी बाहुली आणि लिंबू-मिरची बांधल्याशिवाय माझ्या गेटबाहेर पडत नाही. डोमला तर जास्तच गरज, कारण डोंगरावर एवढी पांढरी शुभ्र वस्तू दहा गावांना दिसते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी शिडी लावून फटीच्या अगदी वरच्या टोकाला, आडव्या पट्टीला, बाहुली टांगली.

याकोब खालून म्हणाला, "आरं बन्सी, आख्खा डोमच काळा केलाय. आता आनि बाहुली कशाला?"

"तू तुजी प्रार्थना कर. मी माजी बाहुली टांगतो."

"कर म्हनलास तर करतो. दोन्हीकडून पक्कं हुईल."

त्यानं खरंच डोळे मिटून प्रार्थना केली. उद्घाटन दणक्यात झालं. बाहुली कुणाला दिसली नाही. काळ्यावर काळं, त्यात शटर उघडतं ते रात्री, दिसणार कसं?

हिवाळ्यात एक दिवस मॅडमचा फोन. आवाज नाचत होता. "काका, तुमच्या डोममधून मोठं काहीतरी सापडलंय!" एक श्वेतबटू तारा मधेच मंद व्हायचा, परत उजळायचा. कधी थोडा, कधी जास्त. त्यांचं म्हणणं, त्या विझलेल्या ताऱ्याभोवती एखाद्या फुटक्या ग्रहाचे तुकडे फिरत असणार आणि तुकडा आडवा आला की उजेड अडत असणार. अशी उदाहरणं जगात मोजकीच. त्या पुण्याला मोठ्या सभेत सांगणार होत्या.

मी शॉपमध्ये पेढे वाटले. चहाच्या टपरीवर तर ग्रह मीच फोडल्यासारखं सांगितलं.

आणि त्यानंतर प्राचार्यांचा तो फोन आला, डोम हलतो का म्हणून.

झालं होतं असं. तारा बघताना शेजारचा एक साधा ताराही तुलनेला बघतात. मॅडमनी आनंदाच्या भरात शेजाऱ्याकडे नीट बघितलंच नव्हतं. सभेआधी तपासलं तर तोही त्याच वेळी मंद. हे मला याकोबनं समजावलं, "एका घरची लाईट गेली तर फ्यूज. आख्ख्या गल्लीची गेली तर डीपी." म्हणजे दोष ताऱ्याचा नाही, आपल्या घरचा. आणि मॅडमचा तारा डोक्यावर आला की, तेही वारा सुटला की, हे व्हायचं. प्राचार्य म्हणाले, शटर सरकत असणार, डोम वाऱ्यानं हलत असणार. पुण्याची कंपनी बोलवू, टोपी बदलून घेऊ.

माझी टोपी बदलणार! मी याकोबला जीपमध्ये घातला आणि डोंगर गाठला.

दुपारची वेळ. प्राचार्य, मॅडम, सगळे डोममध्ये उभे. वर शटर उघडं. मॅडमचा चेहरा उतरलेला. मी कुणाला रामराम केला नाही. प्राचार्यांच्या हातात चहाचा कप होता, काठोकाठ. तो घेतला आणि टोपीच्या बुडाच्या फिरत्या कड्यावर, फटीच्या बरोबर खाली ठेवला.

"याकोब, फिरव."

डोम पूर्ण एक फेरा फिरला. चहाचा थेंब सांडला नाही. फट परत वाऱ्याच्या तोंडाला आली.

"बोलवा आता पुन्याची कंपनी," मी म्हणालो. "त्यांच्या डोमवर असा चहा फिरवून दाखवा म्हनावं."

प्राचार्य काही बोलणार एवढ्यात वाऱ्याचा झोत आत घुमला आणि वरून काहीतरी भिरभिरत येऊन टप्पकन कपात पडलं. त्यांनी वाकून बघितलं.

"बन्सीशेठ, चहात मिरची आहे."

"आसंल."

"असेल म्हणजे? आकाशातून मिरची पडली?"

सगळ्यांनी माना वर केल्या. मी केली नाही. मॅडमनी डोळ्यांवर हात आडवा धरला. वर काळ्या दोऱ्याला वितीएवढी बाहुली, सुकलेलं लिंबू आणि उरलेल्या मिरच्या वाऱ्यावर मजेत झोके घेत होत्या. खाली बरोबर दुर्बिणीचं तोंड.

याकोब छताकडे बघत म्हणाला, "मी म्हनलो हुतो. प्रार्थनेनं भागलं आसतं."

मॅडम आधी हसल्या. हसता हसता जमिनीवरच बसल्या. मग हसू थांबलं. "म्हणजे काका, माझा फुटका ग्रह..."

"निंबू-मिरची," प्राचार्यांनी वाक्य पुरं केलं.

मला त्या पोरीचं वाईट वाटलं. पण म्हणून मुद्दा सोडायचा? "डोम हलत न्हाई, हे सिद्ध झालं ना? आन् येवढ्या वाऱ्यात डोमला काय बी झालं न्हाई, त्ये कशामुळं?"

"ती बाहुली आत्ता काढा," प्राचार्य ओरडले.

"न्हाई काढनार. माजी वस्तू बाहुलीशिवाय उघडी ऱ्हात न्हाई."

मॅडम उठल्या, ओढणी झटकली. "काका, टांगा ना. पण आकाश सोडून कुठंही."

हे बोलणं रीतीचं होतं. मी शिडी लावून बाहुली उतरवली. त्या रात्री आम्ही तिथंच मुक्काम केला. तारा डोक्यावर आला, वारा सुटला, पण दोन्ही ताऱ्यांच्या रेघा कॉम्प्युटरवर सुतात धरल्यासारख्या सरळ. मॅडमनी सुस्कारा सोडला. तारा गप्प आहे, असंही शास्त्रात लिहून ठेवावं लागतं म्हणे, नाहीतर दुसरा कुणी तिथंच ग्रह शोधत बसतो.

टपरीवर अजून विचारतात, "काय बन्सीशेठ, ग्रहाचं लोनचं घातलं का?" मी दुसरा चहा मागवतो. या सगळ्यातून निघालं ते एवढंच: नजर लागू नये म्हणून बांधायचं ते बांधावं, पण जिथून लोक बघतात ती जागा सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपमधलं वेल्डिंग मशीन उतरवलं, डोमच्या खालच्या लोखंडी दारावर बाहेरून हुक मारला आणि बाहुली तिथं टांगली. हुक असा मारलाय, की पुण्याच्या कंपनीला काढायचा झाला तर दार घेऊन जावं लागेल.