जिन्यावरचे गणपती

१९९४ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. पेणला माझा गणपतीचा कारखाना होता आणि वरच्या खोलीत डी.एड. शिकणाऱ्या तीन पोरी भाड्याने राहायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेला. पण माझ्या हातची मूर्ती गिऱ्हाईक मागून न्यायचं, त्यामुळे कोणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरायचं.

आमच्या धंद्यात डोळ्यांची आखणी होईस्तोवर मूर्तीला माल म्हणतात. माल कुठेही टाका, कसाही उचला. डोळे आखले की तो गणपती. मग त्याला ओलांडायचं नाय.

श्रावणात जागा पुरेना म्हणून आखलेले गणपती मी जिन्यावर मांडले, एका कडेने. रोह्याकडची एक पोर खाली येऊन म्हणाली, काका, एकच जिना हाय, खाली थिनरचे डबे, आग लागली तर आम्ही उतरायचं कुठून? मी कारागिरांना ऐकवलं, बघा, मास्तरीण आली आपल्याला शिकवायला. ते हसले. त्याच दुपारी मी पायऱ्या दोन्ही कडांनी भरून टाकल्या. जागा होती मागे, तरी भरल्या.

दुसऱ्या दिवशी तिला परीक्षेची घाई. पाय उचलून तिने एक गणपती ओलांडला, ते नेमकं माझ्या नजरेस पडलं. सगळ्यांसमोर तिला त्या मूर्तीपुढे नाक घासायला लावलं. नाकाला खडूसारखी पांढरी धूळ लागली होती, ती तिने पुसलीसुद्धा नाही. तेव्हापासून पोरी वरून हाक मारायच्या आणि कारागीर गणपती बाजूला करून वाट द्यायचा.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी रंगाच्या मशीनची ठिणगी थिनरवर पडली. कारागीर वाळू-पाण्याला धावले. धूर जिन्यात शिरला. बाकीच्या दोघी कॉलेजात होत्या, ती एकटीच वर. मी खालून ओरडलो, "उतर गो!"

ती वरच्या पायरीवर उभी होती, ओढणी तोंडाला लावून.

"गणपती हायत ना, काका. वाट करा."

ये तशीच, एवढं मला म्हणता आलं असतं. तोंडातून निघेना. कारागीर ऐकत होते, आणि गेल्या आठवड्यात मीच तिला नाक घासायला लावलं होतं. मी म्हणालो, "थांब, उचलतो." आणि उचलत बसलो, एकेक, दोन्ही हातांनी, रंगाला ओरखडा नको म्हणून जपून. बाहेर नेऊन ठेवायचा, परत यायचं. चौथा ठेवून आलो तर ती वर नव्हती. मागच्या बाजूला काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला.

खिडकीतून उडी मारली होती तिने. कंबरेचं हाड मोडलं. आग म्हणाल तर पाव तासात विझली, गणपती एकही गेला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालेल, पण सरळ चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी उरलेले गणपती जिन्यावरून हलवले, पायऱ्या धुतल्या. पहिल्या गाडीने तिचा बाप आला. जिन्याकडे बघत त्याने हात जोडून विचारलं, पोर इथून का नाय उतरली, शेट?

"जिना मोकळा होता," मी म्हणालो. "पोरच घाबरट तुमची." आणि तिची ट्रंक उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली.